अंगदचं वर्तुळ

१६ मार्च, सोमवार

आज सकाळी दुधाचे कॅन उतरत असताना मी काळा मार्कर घेतला आणि अंगदच्या नावापुढचं वर्तुळ सबंध भरून टाकलं.

ही वही रोहिणी मॅडमनी दिली त्याला महिना झाला. संभाजीनगरच्या ऑफिसात कामगारांच्या शिक्षणाचं त्या बघतात. "आश्रुबा, कामावर काय शिकलात ते लिहीत जा, कुणी वाचणार नाही," म्हणाल्या होत्या. महिनाभर कोरीच ठेवली. आज लिहावंसं वाटलं.

डेअरीच्या प्रत्येक शीतकेंद्रावर मॅडमनी एक फळा लावायला सांगितलाय. डाव्या बाजूला माणसांची नावं, वरच्या ओळीत कामं: दूध घेणं, कॅन धुणं, तपासणी, थंड करायचं मशीन. प्रत्येक घरात चार पाव केलेलं एक वर्तुळ. एक पाव भरला म्हणजे माणसाला कामाची ओळख आहे. दोन म्हणजे कुणी शेजारी उभं असलं तर करतो. तीन म्हणजे एकटा करतो. चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. भरायचं पर्यवेक्षकानं, म्हणजे मी. जाताना मॅडम म्हणाल्या, "खरं भरा. रिकाम्या वर्तुळाची लाज नसते. जिथं रिकामं दिसेल तिथं मी शिकवणारा माणूस पाठवणार."

फळा मी दूध घ्यायच्या ओट्यासमोर लावला, तीच भिंत तेवढी कोरडी आहे. पण तिथंच सकाळी गावोगावचे दूधवाले उभे राहतात. त्यांना करमणूक झाली. एकजण म्हणाला, "आश्रुबा, माझ्या म्हशीचं बी वर्तुळ काढा. चारी सडं चालू हायेत तिची."

आज भागवतराव फळ्यापुढं थांबले. ते चौसाळ्याच्या पलीकडून टेम्पोनं दूध आणतात. त्यांच्या मुलाचं आणि अंगदच्या आरोहीचं जमत आलंय, अक्षय्य तृतीयेला साखरपुडा धरलाय. त्यांनी अंगदची ओळ बोटानं धरून वाचली. कॅन धुण्याचं वर्तुळ पूर्ण होतं, मशीनच्या घरात एक पाव.

"पाव्हणे मशीनवर हायेत म्हनले व्हते," ते म्हणाले. "हितं तर पावशेरच दिसतंय."

मागचे चौघे हसले. अंगद नळाखाली कॅन धरून उभा होता. कॅन भरून वाहायला लागला तरी त्यानं मान वर केली नाही.

मी म्हणालो, "अजून भरायचं चालू आहे, भागवतराव. अर्धवट राहिलंय ते." आणि भरलं.

"असं का," ते म्हणाले. "मग बरंय."

अंगद जमीलभाईंच्या हाताखाली मशीनच्या खोलीत जातो ते पाणी सोडायला आणि बटण चालू-बंद करायला. तेवढंच. पण आम्ही दोघं एका गोणपाटावर बसून शिकलो. मुलीच्या बापाला सोयऱ्यापुढं खाली बघायला लागावं, आणि मी हातात मार्कर घेऊन बघत राहावं, हे मला जमलं नाही. एका वर्तुळानं कुणाचं काय बिघडतं? देव मन बघतो.

१७ मार्च

एकट्या अंगदचं भरलेलं डोळ्यावर आलं असतं, म्हणून आज बाकीच्यांचीही भरली. मुनिरा धावत आली. ती तपासणीच्या खोलीत असते, बारावी झालेली, हुशार पोरगी.

"काका, माझं अर्धंच ठेवा. नवीन यंत्रावरची तपासणी मला येत न्हाई. मला शिकायला जायचंय."

"अगं, जे येतं ते येतं म्हणावं. एवढी नम्रता बरी नव्हे," मी म्हणालो आणि तिचंही भरलं. ती परत खोलीत गेली. लेकरं कौतुकानं लाजतात.

फळ्याचा फोटो ऑफिसला पाठवला. सगळी वर्तुळं काळीभोर. जमीलभाई रोजा सोडायला निघाले होते, फळ्यापुढं थांबले आणि म्हणाले, "क्या बात है. समदे उस्ताद."

२३ मार्च

जमीलभाईंनी ईदचा शीरखुर्मा आणला. मी दोन वाट्या खाल्ला. मग त्यांनी फोन पुढं केला. ऑफिसचा निरोप होता. उमापूरला नवीन केंद्र उघडतंय, जमीलभाईंनी एक तारखेपासून तिकडं जायचं. इथलं चौसाळ्याचं मशीन अंगद बघेल, कारण फळ्यावर तो शिकवण्याइतका तयार आहे.

मी वाटी खाली ठेवली.

"आश्रुबा, खरं बोल," जमीलभाई म्हणाले. "अंगदला तू कशावरून भरलंस?"

मी भागवतरावांचं सांगितलं. त्यांनी फोन खिशात टाकला.

"त्या मशीनमंदी अमोनियाचा गॅस हाय. त्याला पाव्हणा-सोयरा कळत न्हाई. मी अंगदला एक साल देतो म्हनलं असतं, तर शिकला असता तो. हाताला चांगला हाय. पर आठ दिवसात काय शिकवू?"

"जेवढं होईल तेवढं शिकवा."

"उसका भी दिल होना. दोन दिवस झाले, मी बोलावतो तर येत न्हाई. म्हनतो, मला सगळं म्हाईत हाय."

२५ मार्च

मॅडमना फोन केला. मशीनसाठी कुणी शिकवायला येईल का, एवढंच विचारलं.

त्यांनी माझं कौतुक केलं. बैठकीत आमचा फळा सगळ्यांना दाखवला म्हणे. "पण काका, शिकवणारी माणसं दोनच आहेत. ती जिथं वर्तुळं रिकामी आहेत तिथं जातात. तुमच्याकडं एकही रिकामं नाही." मग थांबून म्हणाल्या, "खरंच गरज आहे का? असेल तर आत्ता सांगा. फळा काय, बदलता येतो."

त्याच वेळी भागवतराव पावती घ्यायला टेबलासमोर उभे होते.

"नाही, तसं काही नाही. सहज विचारलं," मी म्हणालो.

फोन ठेवला. भागवतराव म्हणाले, "पाव्हण्यांना बढती हाय म्हणं. घरी सांगितलं मी." मी हो म्हणालो.

मुनिराची शिकण्याची जागा उमापूरच्या मुलीला मिळाली. ती मला आता काका म्हणत नाही, सर म्हणते.

३१ मार्च

जमीलभाईंचा शेवटचा दिवस. त्यांनी अंगदला जवळजवळ ओढतच खोलीत नेलं. मी दारातून ऐकत होतो.

"हा व्हॉल्व्ह बंद केला की हिकडचा गॅस थांबतो. पर टाकीकडून आला, तर हा न्हाई, तो खालचा. समजलं का बे?"

"समजलं."

"मग दाखव."

"समजलं म्हनलं ना. कावून मागं लागलास?"

दूधवाले बाहेर उभे होते. अंगदचा आवाज त्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. जमीलभाईंनी गॅससाठीचा मुखवटा खिळ्याला अडकवला, चावी त्याच्या हातात दिली आणि बाहेर येऊन माझ्याकडं न बघता गाडीला किक मारली.

मला अंगदचं वागणं आवडलं नाही. शिकवणाऱ्याशी असं बोलू नये.

२ एप्रिल

हनुमान जयंती. पहाटे देवळात गेलो तर अंगद माझ्याआधी येऊन बसलेला. जन्मानंतर सगळे प्रसाद घेऊन निघाले, तो खांबाला टेकून तसाच. त्याला पूर्वी देवाधर्माचं एवढं नव्हतं. मोठं काम मिळाल्यावर माणूस देवाचे आभार मानतो, ते बघून बरं वाटलं. मीही डोळे मिटले. काहीतरी मागायचं होतं, पण नीट शब्द सुचले नाहीत.

४ एप्रिल

अंगद बदलला. दुपारी माझ्याबरोबर जेवायचा, आता डबा उघडतच नाही. खुर्ची मशीनच्या खोलीबाहेर टाकून बसतो, साहेबासारखा. चपला बाहेरच्या दाराकडं तोंड करून काढलेल्या. खांद्यावर सदा ओला टॉवेल. उन्हाळा आहे म्हणा.

माझी बायको सरस्वती त्यांच्याकडं पापड लाटायला गेली होती. तिनं सांगितलं, अंगद त्याच्या बायकोला, छबुबाईला, एकेक दाखवत होता. आरोहीचे कागद कुठल्या पेटीत आहेत, विहिरीच्या मोटारीचं कसं करायचं, कुणाला काय बोललोय. "लग्नाच्या आधी सगळं लावून देतोय घरचं," मी म्हणालो.

सरस्वतीनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला तसं वाटतंय का?" म्हणाली आणि भाकरी उलटली.

७ एप्रिल, मंगळवार

आज वास आला.

मी ओट्यावर होतो. आधी डोळ्यांत चुरचुरलं, मग घसा धरला. दूधवाले तोंडाला रुमाल लावून रस्त्याकडं पळाले. मी मशीनच्या खोलीकडं धावलो. अंगदनं मशीन बंद केलेलं होतं, पण वास थांबत नव्हता. तो दारात उभा होता, ओला टॉवेल तोंडाला, एक पाय आत, एक बाहेर. आत व्हॉल्व्हांची रांग. तो त्यांच्याकडं बघत होता, जसा आम्ही शाळेत फळ्यावरच्या न येणाऱ्या गणिताकडं बघायचो.

"अंगद, कोणता?" मी ओरडलो.

तो माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

मी जमीलभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "खालचा, टाकीच्या बुडचा, उजवीकडं फिरव." मी फोन उंच धरून तेच सांगत राहिलो. अंगद मुखवटा न घेताच आत गेला. एक फिरवला, तो नव्हता. दुसरा. मग तिसरा, तेव्हा गळती थांबली. मग बाहेर आला आणि भिंतीला धरून खाली बसला.

मुनिराची खोली भिंतीला लागून आहे. ती दाराबाहेर आली आणि पडली. तिला तोंडावर पाणी मारून चौसाळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, डोळे दोन दिवस सुजतील. तिच्या अब्बांनी मला विचारलं, "मशीनवर कोन व्हतं?"

"होता माणूस."

"शिकलेला?"

फळा त्यांच्या मागच्या भिंतीवर नव्हता, आम्ही दवाखान्यात होतो. तरी मी त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

९ एप्रिल

ऑफिसला लेखी कळवायचं होतं. मी लिहिलं, किरकोळ गळती, वेळेत थांबवली. खोटं एक अक्षर नाही. संध्याकाळी उत्तर आलं: तत्परतेबद्दल अभिनंदन, कुशल मनुष्यबळाचा हा फायदा आहे.

मला जेवण गेलं नाही. देवापुढं दिवा लावला आणि नेहमीसारखं म्हणालो, तूच बघ बाबा. म्हणताना पहिल्यांदाच वाटलं, हे मी त्याच्यावर ढकलतोय. व्हॉल्व्ह बंद करायला देव फोनवर नव्हता. जमीलभाई होते, आणि ते माझ्यामुळंच उमापूरला गेले.

रोज सकाळी अंगद मशीन चालू करतो आणि मी दिवस मावळेपर्यंत त्या आवाजाकडं कान लावून असतो. अक्षय्य तृतीयेनंतर बघू, असं मनाशी ठरवत होतो. साखरपुडा होऊन जाईल, मग हळूच वर्तुळ कमी करीन. पण साखरपुडा झाला की लग्न. लग्न झालं की लेकीचं नांदणं. सोयरे संपत नाहीत. गॅसला मी किती दिवस थांब म्हणू?

११ एप्रिल

अंगदला धरलं. टेकडीवरच्या मारुतीकडं चाललो होतो, शनिवार म्हणून. तो पुढं चालला होता. हाक मारली.

"अंगद, तुला ते मशीन येत नाही."

"येतं की."

"खरं सांग."

तो थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला येतं का न्हाई, मला कावून इचारतोस? तूच भरलंस न्हवं? चारी पाव. भागवतरावांनी माझ्यादेखत आख्ख्या गावाला सांगितलं. त्यांच्या बायकोनं छबूला फोन केलता, म्हनली आमचे याही विंजनेर झाले." तो हसला. "आता मी जाऊन म्हनू, आश्रुबानं दयेनं दिलं?"

"मग तू त्या खोलीत बसतोस कसा?"

"बसत न्हाई. भायेर बसतो. तू बघतोस की रोज."

तो पुढं म्हणाला, "जमील शिकवत व्हता रे. मला शिकायचं व्हतं, चार वर्सं मी त्याच्या मागं मागं व्हतो. पर भरलेल्या वर्तुळाच्या मानसानं कसं शिकावं? हे काय, ते काय, असं इचारलं असतं तर समदे म्हनले असते, मग फळ्यावर काय लिवलंय?"

तो देवळाकडं न जाता खाली उतरला. मी वाटेवर उभा राहिलो. चपला, खुर्ची, टॉवेल, आरोहीचे कागद. सगळं रोज बघितलं आणि इथं लिहूनही ठेवलं. आता मागची पानं उघडवत नाहीत.

१२ एप्रिल

दुपारी अंगदच्या घरी गेलो. तो कामावर होता, म्हणूनच गेलो. आरोही अंगणात वाळवणाला राखण बसली होती. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रेला आलेली.

मी सगळं सांगितलं, भागवतराव फळ्यापुढं थांबले तिथपासून. तुझ्या बाबांचं वर्तुळ उद्या सकाळी सगळ्यांदेखत पुसणार आहे, असंही सांगितलं. गुपचूप पुसलं तर भागवतरावांना वाटेल अंगदनं फसवलं. फसवलं मी, ते त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. "पण त्यात तुझं काय होईल ते मला सांगता येत नाही, बाई. म्हणून आधी तुझ्याकडं आलो."

ती पापडांवरची पाखरं हाकलत राहिली.

"काका, मंगळवारपासून बाबा रात्री उठून बसतेत. आई इचारते तर म्हनतेत, वास येतोय. घरात." मग म्हणाली, "तुमाला महिनाभर म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन् माझ्यासाठी केलं म्हनता."

मी मान हलवली.

"मला एकदा तरी इचारायचं." ती आत गेली. छबुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. तांब्या माझ्यापुढं ठेवला, पण बसा म्हणाल्या नाहीत.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी मॅडमना फोन केला. आडपडदा न ठेवता सगळ्यांच्याच वर्तुळांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुमच्यावर चौकशी बसेल. मला बसवावीच लागेल."

"बसवा. पण जमीलभाईंना परत पाठवा. आणि मुनिराला शिकायला न्या. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"जमीलभाई यायला परवा उजाडेल."

"तोवर मशीन बंद ठेवतो. दूध टँकरनं तसंच मोठ्या डेअरीला पाठवतो."

"वाटेत नासलं तर?"

"नासू द्या," मी म्हणालो. दुधाबद्दल असं मी जन्मात बोललो नव्हतो.

मार्कर पक्का होता, पाण्यानं निघेना. मुनिराकडं स्पिरिट मागितलं. तिचे डोळे अजून लाल आहेत. बाटली आणि कापूस दोन्ही दिलं आणि दारात येऊन उभी राहिली. दूधवाले रांगेत होते. भागवतराव टेम्पोवरून कॅन उतरवत होते. अंगद मशीनच्या खोलीबाहेर खुर्चीत होता.

मी अंगदच्या मशीनच्या वर्तुळावर कापूस घासला. काळं पाणी भिंतीवरून ओघळलं.

"ओ, ते कावून पुसता?" भागवतराव म्हणाले.

"त्याला येत नाही ते काम. तुमच्यासमोर मी खोटं भरलं होतं. त्यानं मला सांगितलं नव्हतं, मीच माझ्या मनानं भरलं."

"म्हंजे पाव्हण्यांनी आमाला..."

"त्यांनी काही नाही. मी."

रांगेत कुणी हसलं नाही. भागवतरावांनी हातातला कॅन खाली ठेवला आणि अंगदकडं पाहिलं. अंगद उभा राहिला होता. तो चालत आला, फळ्यापुढं थांबला. मी तीन पाव पुसले होते, चौथ्याजवळ हात थांबवला होता.

"तो ऱ्हाऊ दे," अंगद म्हणाला. "तेवढं मला येतं."

"मंगळवारी तुमीच व्हता का आत?" भागवतरावांनी त्याला विचारलं.

"मीच."

भागवतराव कॅन परत टेम्पोत चढवायला लागले. त्यांच्या मनात काय आहे, अक्षय्य तृतीयेला ते येतील की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळ झाली, अजून कुणाचा फोन नाही.

मी अंगदला म्हणालो, "मशीन बंद कर."

तो आत गेला आणि त्यानं ते बंद केलं.